माणिक चौक परिसर : एका वस्तीचा वारसा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवानिमित्त तत्त्वज्ञान आणि आचारधर्म या विषयांवर अधिकारी वक्त्यांची व्याख्याने आपण ऐकलीच आहेत. माझ्यासारख्या कापडाच्या व्यापाऱ्याचा तो अधिकार नव्हे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आयुष्य दुकानाच्या गादीवर गेले. म्हणून विश्वस्तांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितले की, ज्या वस्तीने या संस्थेला जन्म दिला तिच्याविषयी मी बोलेन. पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना आरंभीची शिल्लक प्रथम लिहावी लागते. आपली आरंभीची शिल्लक म्हणजे माणिक चौक, सोनार खुंट, जळका बाजार, टिळक रोड आणि जुन्या नंदुरबारमधील आपल्या गल्ल्या.

हे गाव नंद गवळी राजाने वसविले, अशी परंपरा आहे. लेखी पुरावेही बरेच जुने आहेत. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इ. स. १३४२ च्या सुमारास दिल्लीच्या सुलतानाचा दूत म्हणून चीनकडे निघाला. दौलताबादेहून खंबायतकडे जाताना तो 'नझरबार' नावाच्या गावी थांबला. तेच आपले नंदुरबार, असे अभ्यासक मानतात. येथील कुशल कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी यांचा तो उल्लेख करतो. येथील प्रतिष्ठित लोक भात, भाजीपाला आणि तिळाचे तेल खातात, प्राण्यांना पीडा देणे त्यांना मान्य नाही, असेही तो लिहितो. हे वर्णन तो जैनांचे म्हणून करीत नाही. ब्राह्मण आणि क्षत्रियांविषयी लिहितो. तरीही जीवदयेचा संस्कार या भूमीत पावणेसातशे वर्षांपूर्वी परक्या प्रवाशाच्या नजरेत भरावा, ही आपणांसही आनंद देणारी गोष्ट आहे. पुढे अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त नंदुरबार हे माळवा सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदले गेले. दख्खन आणि सुरत यांमधील मार्गावरचे ठिकाण असल्यामुळे गावाला व्यापाराची बैठक फार जुनी आहे.

या व्यापाराला आजचे रूप दिले ते तापी खोऱ्यातील रेल्वेने. इ. स. १९०० च्या सुमारास सुरतेकडून आलेला हा लोहमार्ग सुरू झाला. पूर्वी बैलगाड्यांवर घाट उतरून जाणारा माल आता एका रात्रीत सुरतेला पोहोचू लागला. गुजरातेतून आणि मारवाडातून आलेली आपली अनेक कुटुंबे या गल्ल्यांत स्थिरावली. कोणी कापडाचे दुकान थाटले, कोणी किराणा, कोणी कापूस आणि मिरचीची आडत. आजही हंगामात गावाबाहेर लाल मिरचीच्या पथारी पसरल्या की वाऱ्याबरोबर येणारा ठसका चौकापर्यंत जाणवतो.

आपल्या जुन्या घरांची रचना पाहिली की त्या काळचे जीवन समजते. खाली दुकान, मागे कोठार, वर राहते घर. सातपुड्याच्या सागाचे खांब आणि तुळया, पुढे लाकडी सज्जा, दाराशी ओटा. या रचनेत सोय होती तसा धर्मही होता. व्यापाऱ्याला सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे असेल तर घर दुकानापासून दहा पावलांवर असावे लागते. पहाटे प्रतिक्रमणाला जाणाऱ्या वृद्धेला उपाश्रय चालत गाठता आला पाहिजे. चातुर्मासात साधु-साध्वी गोचरीसाठी पायी निघतात, तेव्हा थोड्या अंतरात बरीच घरे असावी लागतात. आपल्या पूर्वजांनी मंदिर, उपाश्रय, स्थानक, दुकान आणि घर एकमेकांजवळ ठेवले, ते केवळ जागेच्या टंचाईमुळे नव्हे. व्रत पाळणे सुलभ व्हावे, अशी ती वस्ती होती.

ही वस्ती केवळ आपलीही नव्हती. एका ओट्यावर घरची गुजराती किंवा मारवाडी, शाळेतली मराठी आणि बाजारातली अहिराणी अशा तीन भाषा सहज चालत. दुकानात चौथी येई, ती अक्कलकुवा, अक्राणी आणि तळोद्याकडून आलेल्या आदिवासी ग्राहकाची. होळीपूर्वीच्या बाजारात आणि लग्नसराईत लुगडी, धोतरे आणि फेट्याचे कापड घेण्यास ही मंडळी मैलोगणती येत. भाषा न येणारा व्यापारी येथे टिकला नाही. या गल्लीतील संपत्तीचा मोठा वाटा डोंगरातील त्या कष्टकऱ्यांच्या हातून आला आहे, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. सावकारीच्या व्यवहारात त्यांच्यावर या प्रदेशात अन्याय झाला, हाही इतिहास आहे. खोटे माप आणि खोटा तोल हा आपल्या तिसऱ्या अणुव्रताचा अतिचार सांगितला आहे. तो नियम फक्त पर्युषणात ऐकण्यासाठी नाही. गजाने किंवा मीटरने कापड मोजणाऱ्या हातासाठी आहे.

या वस्तीचे खरे मोल देशाला कळले ते ९ सप्टेंबर १९४२ रोजी. 'भारत छोडो' आंदोलनात तिरंगा घेऊन निघालेली मुलांची मिरवणूक येथे पोलिसांनी अडविली आणि गोळीबार केला. शिरीषकुमार पुष्पेंद्र मेहता हा त्या दिवशी सोळाव्या वर्षात होता. त्याच्यासह लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम अशी पाच मुले हुतात्मा झाली. त्यांच्या ओठांवरील घोषणा गुजराती भाषेत होती आणि ज्या चौकात ते पडले तेथील स्मारकाला आज सारा महाराष्ट्र वंदन करतो. वाणी, शहा, मेहता यांच्या मुलांबरोबर केतकरांचा मुलगा होता. ही मुले ऐनवेळी एकत्र आली नव्हती. एकाच गावातली ती मुले होती. शेजारधर्म किती खोल जाऊ शकतो, याचे यापेक्षा मोठे उदाहरण मला ठाऊक नाही. १९६० साली मुंबई राज्याचे विभाजन होऊन पश्चिम खानदेशातील काही गावे गुजरातेत गेली, तेव्हाही या गल्ल्यांत भाषेवरून मने दुभंगली नाहीत, असे आमचे वडीलधारे सांगत.

अनंत चतुर्दशीला दादा गणपती आणि बाबा गणपती यांची हरिहर भेट जळक्या बाजारात होते, तेव्हा आजही सज्जे माणसांनी फुलतात. त्यांत आपल्या घरांचेही सज्जे असतात. मात्र वर्षातील उरलेले दिवस त्यांतील कित्येक सज्जे रिकामे असतात. येथून मी मुख्य मुद्द्याकडे येतो.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. कार्यालये आली, बँका आल्या, गाव चारही दिशांना वाढले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १ लाख ११ हजारांवर गेली. आपली तरुण कुटुंबे नव्या वसाहतींत राहावयास गेली. त्यात गैर काहीच नाही. गल्लीत चारचाकी शिरत नाही, चार भावांचे चार संसार एका घरात मावत नाहीत, लहान मुलांना मोकळी हवा हवी. मी स्वतः कोणास दोष देणार नाही. पण परिणाम पाहा. तरुण गेले, आई-वडील मागे राहिले. वरच्या मजल्यावर एकटी वृद्धा आणि खाली भाड्याने दिलेले दुकान, असे चित्र आता विरळ नाही. चातुर्मासात गोचरीसाठी उघडी घरे दरवर्षी कमी भरतात. वारसांत एकमत होत नाही, तोवर जुने घर गळते, आणि एके दिवशी तुळया विकल्या जाऊन तेथे व्यापारी संकुल उभे राहते.

अशा वेळी समाजात एक विचार पुढे येतो, की नव्या वसाहतीत उपाश्रय बांधावा आणि जुनी वास्तू विकून निधी उभारावा. नव्या उपाश्रयास माझा मनापासून पाठिंबा आहे. जेथे श्रावक राहतात तेथे धर्मस्थान हवेच. जुन्या वास्तूच्या विक्रीस मात्र माझा विनम्र विरोध आहे. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर भांडवल खर्चून चालू खर्च भागविणे हे कोणताही शहाणा व्यापारी करीत नाही. जी वृद्ध मंडळी आज पायी येतात, त्यांच्यासाठी ते एकच दार उरले आहे. ते बंद झाले तर त्यांचा धर्मही घरात कोंडला जाईल आणि माणसांचा सहवासही संपेल.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात तीन कामे हाती घ्यावीत, अशी विश्वस्तांना विनंती आहे. पहिले, जुन्या वास्तूतील एक दालन गल्लीतील सर्व समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका म्हणून सायंकाळी उघडे ठेवावे. ज्या चौकातून शाळकरी मुले निघाली होती, तेथे मुलांसाठी दिवा लावणे हेच त्यांचे योग्य स्मरण ठरेल. दुसरे, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी करून युवक मंडळाने आठवड्यातून दोनदा त्यांच्या घरी जावे. औषध, भाजी, बँकेचे काम पाहावे आणि बसून त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. तिसरे, जे जुने घर पाडले जाणार असेल त्याची छायाचित्रे आणि मोजमाप ट्रस्टच्या दप्तरी ठेवावे. जे टिकण्याजोगे आहे त्याची डागडुजी करून ते राहण्यासाठी भाड्याने द्यावे. तेथे कोणत्या जातीचे कुटुंब राहते हे गौण आहे. संध्याकाळी तेथे दिवा लागतो की नाही, हे महत्त्वाचे.

नव्या वसाहतींत राहणाऱ्या बंधू-भगिनींनाही एक विनंती. आपल्या बंगल्याला कुंपण अवश्य असावे, पण दाराशी बसण्याची एक जागा असावी. शेजाऱ्याची भाषा आपल्या मुलांना यावी. जुन्या वस्तीतून आपण एवढे नेले, तर गल्ली मागे सुटली तरी तिचा संस्कार मागे सुटणार नाही.

संस्थेची पुढील पन्नास वर्षे याहून समृद्ध जावोत, अशी जिनेश्वर चरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो. 

जय जिनेंद्र!