अंगणातलं झाड नव्या जागी नेताना
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापूस आणि ज्वारीवर बोलणारे या बैठकीत पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे अंगणातल्या जास्वंदीवर, तगरीवर, मोगऱ्यावर, पारिजातकावर. विषय ऐकून मागे बसलेले काही भाऊ हसतील. हसा. पण घर पाडून नवं बांधायची वेळ आली, रस्ता रुंद होऊन कुंपण आत सरकलं, किंवा गावच उठलं, की घरातली बाई पहिला प्रश्न हाच विचारते : या झाडाचं काय करायचं?

आणि आपल्या जिल्ह्यांत गावं उठतात. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातून २००७ मध्ये बोटेझरी उठलं, पुढे नवेगाव आणि जामणी उठलं. राजुरा, भद्रावती, चंद्रपूर तालुक्यांत कोळशाच्या खुल्या खाणींनी शेतं गेली, घरं गेली. घराच्या भिंतीचा पैसा मिळतो, कवेलूचा मिळतो. पंधरा वर्षं पाणी घालून वाढवलेल्या झाडाचं काय? दोन गोष्टी हातात आहेत. एक, त्याची नोंद करून घेणं. दुसरी, ते जिवंत नेणं.

आधी नोंदीचं सांगतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम २९ आहे. जमिनीवरच्या झाडा-झुडपांची किंमत ठरवताना कलेक्टर शेती, वन, फळबाग, रेशीम या विषयांतल्या अनुभवी माणसाची मदत घेऊ शकतो, असं त्यात लिहिलेलं आहे. कोळशाची जमीन १९५७ च्या वेगळ्या कायद्यानं घेतली जाते, पण २०१३ च्या कायद्यातल्या मोबदल्याच्या तरतुदी १ जानेवारी २०१५ पासून तिथंही लागू झाल्या आहेत. म्हणून मोजणीच्या आधी झाड हलवू नका. पंचनाम्यात झाडाचं नाव आणि संख्या लिहून घ्या, मगच सही करा. मोबदला घेतलेलं झाड आपल्याला नेता येईल का, हे लेखी विचारा. तोंडी उत्तरावर कुदळ मारू नका.

आता झाड नेण्याचं. आपण कापूसवाले आणि ज्वारीवाले. आपलं पीक जिथं पेरलं तिथंच वाढतं, तिथंच संपतं. कापसाचं सोटमूळ खोल जातं. फूटभर वाढलेली पऱ्हाटी उपटून दुसरीकडे लावली तर ती मान टाकते. पूर्वेकडचे धानवाले भाऊ मात्र दरवर्षी रोवणी करतात. तीन-साडेतीन आठवड्यांचे पऱ्हे उपटून चिखलात रोवले की लागतात. कारण रोप कोवळं असतं, मुळं तंतूसारखी असतात, आणि बांधीत पाणी भरलेलं असतं. पंधरा वर्षांच्या जास्वंदीला यातलं काहीच लागू नाही. तिची पाणी पिणारी बारीक मुळं खोडाजवळ नसतात, ती दूर टोकाला असतात. सरळ खोदून काढलं की तीच तुटून मागे राहतात. वर पानं शेकडो, खाली तोंड बंद. झाड तहानेनं मरतं, आणि आपण म्हणतो, हाताला गुण नाही.

म्हणून पहिला नियम : झाड काढायच्या आधी, जुन्या जागेवरच त्याला खोडाजवळ नवी मुळं फोडायला लावायची.

ते असं. दसऱ्यानंतर झाडाभोवती निम्म्या गोलात चर खणा. खोड जितकं जाड, त्याच्या दहा-बारा पट रुंद मातीचा गोळा धरायचा. खोड दीड इंच असेल तर गोळा दीड फुटाचा. अनेक फांद्यांचं पुरुषभर उंच झुडूप असेल तर गोळा दोन फूट रुंद आणि दीड फूट खोल. चर गोळ्याच्या बाहेर, एक फावडंभर रुंद. मधे येणारी मुळं करवतीनं किंवा धारदार विळ्यानं स्वच्छ कापा. कुऱ्हाडीनं ठेचलेलं मूळ कुजतं. चर कुजलेलं शेणखत आणि माती मिसळून भरा, पाणी द्या. उरलेला अर्धा गोल संक्रांतीला तसाच करा. मधल्या काळात झाड निम्म्या मुळांवर जगतं आणि कापलेल्या टोकांवर बारीक मुळांचं जाळं धरतं. उन्हाळाभर त्या चरात आठवड्याला पाणी पडलं पाहिजे.

एवढा वेळ नसेल तर एकदाच चर घ्या, पण हलवण्याआधी किमान सहा आठवडे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे मोबदला पूर्ण दिल्याशिवाय ताबा घेता येत नाही. तो वेळ झाडासाठीही वापरा.

हलवायचं कधी? आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा झाडाला हात लावायचा नाही. दोन-तीन चांगले पाऊस पडू द्या. आर्द्रा आणि पुनर्वसू ही नक्षत्रं त्याला चांगली. आभाळ असलेला दिवस आणि दुपारनंतरची वेळ. एक गोष्ट तुम्हाला शिकवायला नको : वाफसा. काळी कन्हार माती वाळली की भेगा पडून गोळा फुटतो, आणि झडीत ती फावड्याला चिकटते. डवरणीला जसा वाफसा पाहता, तसाच इथं पाहा. बरडीत गोळा धरतच नाही. तिथं आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या आणि बारदाना जवळ ठेवा.

काढण्याआधी वरचा भार कमी करा. जास्वंद, तगर, पारिजातक यांचा तिसरा हिस्सा ते निम्मा छाटा. कळ्या सगळ्या खुडा. बाईला वाईट वाटेल, पण त्या वर्षी फूल मागायचं नाही. कण्हेर छाटताना सावध. तिचं पान, फांदी, सगळंच विषारी. छाटलेलं तिथंच पडू देऊ नका. बैल, शेळी खाईल तर झाड वाचेल आणि जनावर जाईल.

मग चर पुन्हा मोकळा करा, खालून सब्बल घालून गोळा सोडवा, बारदान्यात गुंडाळून सुतळीनं घट्ट बांधा. दोन फुटांचा गोळा दीड-दोन क्विंटल भरतो, म्हणून चार माणसं लागतात. उचलायचं गोळ्याखालून, ताडपत्रीवर सरकवून. खोड धरून ओढलं की मुळं आत तुटतात आणि बाहेरून दिसतही नाही. बंडी असो की ट्रॉली, वाटेत झाड ओल्या कापडानं झाका. वारा पानातलं पाणी ओढून नेतो.

नवा खड्डा आधीच तयार पाहिजे. गोळ्याच्या दुप्पट रुंद, पण गोळ्याइतकाच खोल. जास्त खोल खणला की झाड मागाहून खचतं आणि खोड मातीत जातं. खड्ड्यात पाणी भरून रात्रभर ठेवा. सकाळी तसंच उभं असेल तर तिथं मुळं सडतील. झाड अर्धा फूट उंच वरंब्यावर लावा. मुरूम टाकून सपाट केलेल्या जागेवर मुरूम उपसून काढा आणि जुन्या अंगणातली चार घमेली माती भरा. खोडावरची जुन्या मातीची खूण नव्या जमिनीच्या पातळीला आली पाहिजे. माती पायानं हलकी दाबा, पाणी सोडा, काठीचा आधार द्या. पहिले दोन-तीन महिने युरिया घालू नका. तुटल्या मुळाला खत म्हणजे जखमेवर मीठ.

बुंध्याभोवती ज्वारीची धाटं किंवा वाळलेलं गवत अंथरा, खोडाला न चिकटवता, आणि उधईवर लक्ष ठेवा. पऱ्हाटीचा काडीकचरा अंथरू नका, त्यातल्या जुन्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. पावसानं ओढ दिली तर तीन-चार दिवसांनी पाणी. पहिला उन्हाळा आठवड्यातून दोनदा. माती चार बोटं खोल उकरून पाहा, ओल लागली तर पाणी नको.

दोन-तीन आठवड्यांत पानं गळतील. घाबरून उपटू नका. फांदीची साल नखानं खरवडा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे.

कापूसवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. जास्वंद, कापूस, अंबाडी, भेंडी हे एकाच कुळातले. कपाशीवरचा पांढरा पिठ्या ढेकूण जास्वंदीवरही वस्ती करतो. म्हणून नेण्याआधी फांद्यांचे सांधे पाहा. पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला तर त्या फांद्या कापून जाळा, साबणाच्या पाण्यानं झाड धुवा, मगच न्या. आणि जास्वंद शेताच्या धुऱ्यावर लावू नका, अंगणात लावा.

शेवटी खरं ते सांगतो. एवढं करूनही काही झाडं जातात. छाटावरून लावलेल्या जास्वंदीला, तगरीला सोटमूळ नसतं, ती लवकर मानवतात. बी पडून उगवलेला जुना पारिजातक अवघड जातो. म्हणून ज्या दिवशी छाटणी कराल त्याच दिवशी पेन्सिलीएवढे दहा छाट सावलीत लावा. जास्वंद, तगर, मोगरा, कण्हेर छाटावरून येतात. पारिजातकाचं बी जमवून ठेवा. मोठं झाड गेलं तरी त्याचाच वंश नव्या दारात उभा राहील.

ज्यांच्या गावाला नोटीस लागली आहे त्यांनी घरी गेल्यावर दोन कामं करावी. अंगणातल्या झाडांची यादी कागदावर उतरवावी, आणि जे न्यायचं त्याच्याभोवती चुन्यानं गोल आखावा. दसरा झाला की त्या गोलावर चर खणायला लागा.