उड्डाणाआधीची पारख

(सिंदी मेघे, जि. वर्धा येथील व्याख्यानाचा मजकूर)



वर्ध्याच्या परिसरात कापसाची पारख कोणाला नवी नाही. चिमूटभर रुई घ्यायची, दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढायची, तंतूची लांबी नजरेने जोखायची आणि मगच भाव बोलायचा. आजचा विषय अशाच एका पारखीचा आहे. माल तेवढा वेगळा. खगोलनिरीक्षणासाठीच वाहिलेला भारताचा पहिला उपग्रह ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावला. ते उड्डाण देशाने पाहिले. त्याच्या क्ष-किरण संवेदकांची आधी झालेली कठोर परीक्षा मात्र फारशी कोणाच्या दृष्टीस पडली नाही.

ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण आपल्या वातावरणातच शोषले जातात. ते टिपायचे तर संवेदक अवकाशात न्यावा लागतो, आणि ६५० किलोमीटर उंचीवर बिघाड झाला तर दुरुस्तीला हात पोहोचत नाही. जे पारखायचे ते जमिनीवरच.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. ए. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेले एक उपकरण पाहू. त्याचे हृदय म्हणजे कॅडमियम-झिंक-टेल्युराइडच्या ६४ चौकोनी वड्या. प्रत्येक सुमारे चार सेंटिमीटर लांब-रुंद, पाच मिलिमीटर जाड. एकेका वडीवर २५६ घरे, म्हणजे एकूण १६,३८४ स्वतंत्र डोळे! या वड्या इस्रायली कंपनीकडून विकत घेतलेल्या होत्या. ते लपवण्याचे कारण नाही. पण विक्रेत्याच्या कागदावर विसंबून आकाश मोजता येत नाही.

म्हणून ज्यांच्या किरणांची ऊर्जा नेमकी ठाऊक आहे, असे किरणोत्सारी पदार्थ संवेदकासमोर ठेवण्यात आले. अमेरिशियमचा किरण ५९.५ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, कोबाल्टचा १२२ चा. प्रत्येक घर तो किती मोजते, याची नोंद झाली. तापमान बदलले की उत्तरही बदलते; म्हणून हीच मोजणी वेगवेगळ्या तापमानांत पुन्हा केली गेली. काही घरे किरण आलेला नसतानाही बडबड करतात. ती हेरून गप्प करावी लागतात. शिवाय अमेरिशियमचा एक कण उपकरणासोबतच वर पाठवला गेला. त्यातून किरणाबरोबर अल्फा कणही निघतो. दोन्हींची चाहूल एकाच क्षणी लागली, की हा किरण घरचा, आकाशातला नव्हे, हे ओळखता येते. केवढी साधी युक्ती!

इतके करूनही सारे निर्विघ्न पार पडते असे नाही. याच उपग्रहावरील दुसऱ्या उपकरणात झेनॉन वायूने भरलेले तीन मोठे संवेदक होते. त्यांतल्या एकातून वायू गळू लागला व २०१८ मध्ये तो बंद करावा लागला. जमिनीवर असता तर तो उघडून पाहता आला असता.

वड्यांच्या उपकरणाने मात्र ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, सुरू झाल्याच्या पहिल्याच दिवशी, एक गॅमा किरण स्फोट टिपला. २०२३ पर्यंत अशा स्फोटांची संख्या ६०० वर गेली.

खरी कसोटी पुढे आली. सेकंदाला सुमारे ३० वेळा गरगरणाऱ्या क्रॅब स्पंदताऱ्याच्या क्ष-किरणांचे ध्रुवण, म्हणजे त्यांच्या कंपनाची दिशा, या उपकरणाने मोजली. दोन स्पंदांच्या मधल्या वेळातही ते ध्रुवण पालटत असल्याचे दिसले. प्रचलित सिद्धान्तांना हे अनपेक्षित होते. असे काही हाती आले की पहिला संशय उपकरणावरच येतो, आणि तो यायलाच हवा. विशेषतः हे उपकरण मुळात ध्रुवण मोजण्यासाठी बनवलेलेच नसताना! पण ध्रुवित आणि अध्रुवित किरण सोडून संवेदकाचे वर्तन उड्डाणापूर्वीच तपासलेले होते, आणि ती तपासणी २०१५ मध्ये प्रसिद्धही झाली होती. क्रॅबवरील निष्कर्ष ‘नेचर अ‍ॅस्ट्रॉनॉमी’ने २०१७ मध्ये छापला.

१ जानेवारी २०२४ रोजी भारताने खास ध्रुवण मोजण्यासाठी ‘एक्स्पोसॅट’ हा उपग्रह पाठवला. त्यावरील ध्रुवणमापक बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने घडवला आहे.