शिफारसपत्र कोणी लिहावे?



पाल्याला डॉक्टर करायचे ठरले, की पालक प्रथम वजनदार माणसाचे पत्र शोधू लागतात. आपल्या जालन्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथील एमबीबीएसच्या १०० जागांचे प्रवेश ‘नीट’चे गुण व आरक्षणाचे नियम यांवरच होतात. तेथे कोणाचेही पत्र उपयोगी नाही.

शिफारसपत्र लागते ते परदेशात. इंग्लंडमध्ये ते शाळेतील शिक्षक लिहितात, नातलगाचे चालत नाही. अमेरिकेत प्रामुख्याने विज्ञानाच्या प्राध्यापकांची पत्रे मागतात.

१८८३ साली आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला स्वतःच पत्र लिहिले. पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या भगिनींवर उपचार करण्याचा हेतू त्यांनी स्पष्ट मांडला. त्यांना प्रवेश मिळाला व १८८६ साली त्या एम.डी. झाल्या. त्या पत्राचे सामर्थ्य बड्या नावात नव्हते, नेमकेपणात होते.

आपण व्यापारी ताका उलगडून, पोत हाताने पारखूनच कापडाची ग्वाही देतो. मग ज्या मुलीला कधी अभ्यास करताना पाहिले नाही, तिच्या गुणांची ग्वाही कशी द्यावी? पत्र मागणाऱ्यास आपण नम्रपणे सांगावे, “तुझ्या सरांकडे जा. तुझी चिकाटी, तुझी चूक आणि ती तू कशी सुधारलीस, हे त्यांनी पाहिले आहे.” न पाहिलेल्याची ग्वाही देणे हे असत्यच होय, आणि त्याचे मोल ते लेकरू मोजते.

जय जिनेंद्र!