मैदानाचा तास कोणी नेला?

(बुलढाणा जिल्ह्यातील एका बुद्धविहारात नवदीक्षित कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वकिलास भाषणाला बोलाविले म्हणजे तो जमिनीचा दावा, जातीचा दाखला किंवा अत्याचाराचा खटला यांविषयी बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज मी या तिन्हींविषयी बोलणार नाही. मी आपल्या मुलांच्या खेळाच्या तासाविषयी बोलणार आहे. हा विषय ऐकून वडीलधाऱ्या मंडळींना हसू आले, तरी माझी हरकत नाही. परंतु माझे म्हणणे संपेपर्यंत निकाल देऊ नये, एवढीच विनंती.

कामानिमित्त माझे मेहकर, लोणार, चिखली, मोताळा या बाजूंच्या खेड्यांत जाणे-येणे असते. शाळेच्या भिंतीवर वेळापत्रक लावलेले असते आणि त्यात शारीरिक शिक्षणाचा तास लिहिलेला असतो. प्रत्यक्षात काय होते? शाळेत दोनच गुरुजी आणि वर्ग चार-पाच. त्यांतील एक माहिती भरण्याच्या कामाला बसलेले, म्हणून दुसरे सर्वांना एका खोलीत कोंडून पाढे म्हणावयास लावतात. कधी गणिताचा भाग मागे पडला म्हणून हा तास गणिताला जातो. हंगामात मैदानावर कोणाचे तरी सोयाबीन वाळत असते. वर्गात कोणी गडबड केली, की पहिली शिक्षा ठरलेली : "आज खेळ बंद." आमच्या मराठी भाषेचीही गंमत आहे. शारीरिक शिक्षा करू नये, असे शिक्षणहक्क कायद्याचे कलम 17 सांगते. शारीरिक शिक्षण मात्र बुडाले, तर त्याची दखल कोणी घेत नाही!

भाषेचा तास महिनाभर झाला नाही, तर आपण शाळेत जाऊन जाब विचारू. खेळाचा तास वर्षभर झाला नाही, तरी घरी कोणास पत्ता नसतो. याचे कारण आपल्याच मनात आहे. आपल्या समाजाने परमपूज्य बाबासाहेबांच्या उपदेशाप्रमाणे शिक्षणाचा ध्यास घेतला. परंतु शिक्षण म्हणजे पाटी, पुस्तक आणि गुण, अशी आपली समजूत झाली. "खेळून का पोट भरते?" असे आपण म्हणतो. कोणी माता म्हणते, पोर पाणी आणते, शेळ्या वळते, कापूस वेचते. तिला आणखी व्यायाम कशास हवा? या मातेस माझे नम्र उत्तर आहे की, कष्ट आणि खेळ या दोन गोष्टी एक नव्हेत. डोक्यावरील घागरीने मान दबते, कापूस वेचताना कंबर वाकते. खेळात मूल आपल्या इच्छेने धावते, ताठ उभे राहते, मोठ्याने ओरडते, हरते आणि पुन्हा उठते. आपल्या पूर्वजांना शतकानुशतके कमरेत वाकून जोहार घालावा लागला, ती वाकलेली कंबर सरळ करणे हेही दीक्षेचेच काम आहे. 1927 साली समता सैनिक दल उभे राहिले, तेव्हा आपल्या तरुणांना रांगेत उभे राहून शिस्तीने पावले टाकण्यास शिकविण्यात आले, ते उगाच नव्हे. आणि भगवान बुद्धांचे स्मरण करावयाचे, तर देहदंडाचा मार्ग व्यर्थ आहे हे ओळखून सिद्धार्थ गौतमांनी सुजातेची खीर स्वीकारली आणि त्यानंतर त्यांना बोधी प्राप्त झाली. देहाची हेळसांड हा आपल्या धम्माचा मार्ग नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी 60 मिनिटे तरी चांगली शारीरिक हालचाल हवी, असे सांगितले आहे. परंतु आरोग्यापेक्षाही एक मोठी गोष्ट या तासात दडलेली आहे, आणि त्यासाठीच मी हा विषय निवडला.

वर्गात मुले कोठे बसतात ते पाहा. एका वस्तीची मुले एका बाजूस, दुसऱ्या वस्तीची दुसऱ्या बाजूस. कोणी सांगत नाही, तरी अनेकदा तसेच बसतात. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले. आज तो गोणपाट नाही, पण त्याची सावली अजून सर्वस्वी गेलेली नाही. आता मैदानात या. कबड्डीत स्पर्श केल्यावाचून सहसा गुण मिळत नाही. चढाई करणाऱ्याला समोरच्या गड्यास शिवावे लागते आणि समोरच्यांना त्याला कवेत घेऊन पाडावे लागते. खो-खोत पाठीवर हात मारल्याशिवाय खो देता येत नाही. आपल्या विदर्भातील आट्यापाट्यांतही शिवणे हाच डाव आहे. ज्या 'शिवण्या'ने आपल्या आजोबांना मार खावा लागे, तेच शिवणे येथे खेळाचा नियम होऊन बसते! अस्पृश्यता आणि कबड्डी एका मैदानावर नांदू शकत नाहीत. राज्यघटनेचे कलम 17 अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर करते. आठ वर्षांच्या मुलाच्या अंगात ते भिनण्यास मैदानाइतके सोपे ठिकाण मला तरी दुसरे दिसत नाही.

मैदानाने सर्व काही साध्य होते, असा भाबडा दावा मी करणार नाही. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील थोर क्रिकेटपटू. पुण्याच्या गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते असे तरबेज झाले, की हिंदूंच्या संघाला त्यांच्यावाचून जिंकता येईना. 1911 साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. परंतु मैदानावर सवर्ण खेळाडूंबरोबर एकच चेंडू हाताळणाऱ्या या माणसाला चहाच्या वेळी बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे, आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते 1923 साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. (हेच बाळू 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून पराभूत झाले, हा इतिहासही लपविण्याचे कारण नाही.) बाळूंबरोबर खेळणाऱ्यांच्या मनात शिवाशिवीची सवय बालपणीच मुरली होती, ती मोठेपणी दोन घटकांच्या खेळाने निघाली नाही. म्हणून हा तास प्राथमिक शाळेतच हवा.

मुलींविषयी एक शब्द. तास झाला तरी मुलगे खेळतात आणि मुली कडेला बसून दप्तरे राखतात, हे दृश्य मी पाहिले आहे. असा तास अर्धाच झाला, असे समजावे.

आता कायदा सांगतो, कारण त्याशिवाय मला विहाराबाहेर सोडणार नाहीत. 2009 सालचा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीप्रमाणे शाळेला खेळाचे मैदान आणि खेळाचे साहित्य असणे आवश्यक आहे. कलम 29 प्रमाणे बालकाच्या शारीरिक व मानसिक क्षमतांचा पुरेपूर विकास अभ्यासक्रमात धरलाच पाहिजे. आणि कलम 24 प्रमाणे ठरलेला संपूर्ण अभ्यासक्रम मुदतीत पूर्ण करणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. 'संपूर्ण' या शब्दात खेळ येतो. "आमच्याकडे खेळाचे शिक्षक नाहीत," हे उत्तर आपणांस मिळेल. ते कायद्यात टिकणारे नाही. शारीरिक शिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद सहावी ते आठवीसाठी आहे, तीही शंभराहून अधिक मुले असतील तेथे. पहिली ते पाचवीला वेगळा शिक्षक कायद्याने गृहीतच धरलेला नाही. म्हणजे तेथे हे काम वर्गशिक्षकाचेच.

मात्र गुरुजींना शत्रू मानू नका. साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक, हे प्रमाण त्यांनी ठरविलेले नाही. कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामास त्यांना जुंपता येत नाही. तसे जुंपले जात असेल, तर त्यांच्या बाजूने उभे राहणे हेही पालकांचेच काम होय.

कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात, आणि वंचित गटांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. नवदीक्षितांनी येथे विशेष लक्ष द्यावे. "तुम्ही बौद्ध झालात, आता अनुसूचित जातीत कसले?" असे म्हणणारे गावात भेटतात. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा दर्जा कायम ठेवला आहे आणि अनुसूचित जाती वंचित गटात मोडतात. तेव्हा ती जागा आपली आहे. समितीत जाऊन केवळ सही करून येऊ नका. वेळापत्रक मागवा, मागील महिन्यात खेळाचे तास किती झाले ते विचारा, उत्तर इतिवृत्तात लिहवून घ्या. मैदानावर कोणाचे पीक वाळते, हेही तेथेच विचारा; गावात वाईटपणा येईल म्हणून गप्प बसू नका.

समितीत काही झाले नाही, तर कलम 32 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेबाबत जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार करावी. आपले म्हणणे ऐकून तीन महिन्यांत तिने निर्णय द्यावयाचा असतो. त्याने समाधान न झाल्यास राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. अर्ज साध्या कागदावर, मराठीत, चार ओळींचा पुरतो : शाळेचे नाव, इयत्ता, वेळापत्रकातील तास, आणि तो कोणकोणत्या तारखांना झाला नाही. या तारखा मिळविण्यासाठी आजपासून घरी एक वही घाला आणि मुलगा किंवा मुलगी शाळेतून आली, की "आज खेळलात काय?" एवढे विचारून त्या दिवसापुढे खूण करा. अर्जाची दुसरी प्रत जवळ ठेवून तिच्यावर पोच, सही आणि तारीख घ्यावयास विसरू नका.