सोळावा आंकडा

दोन संगणकांनीं एकमेकांस माहिती धाडावयाची, तर ती ठराविक सांच्यांत बसवावी लागते. ‘जेसन’ हा असाच एक सांचा. तो हातानें भरूं नये. एक अवतरणचिन्ह राहिलें कीं सारें पत्र अवाच्य! लिहिण्यावाचण्याचें हें काम लायब्ररीकडे, म्हणजे कोणीं आधींच रचून पारखून ठेवलेल्या आज्ञावलीकडे, सोंपवावें.

पण डोळे मिटून नव्हे. ९००७१९९२५४७४०९९३ हा सोळा अंकी क्रमांक घ्या. पायथनची लायब्ररी तो जसाच्या तसा वाचते. जावास्क्रिप्टमधील वाचक मात्र शेवटच्या ३ चा २ करतो, आणि तक्रारीचा एक शब्द काढीत नाहीं. कारण तेथील साधी संख्या दोनाच्या ५३ व्या घातापर्यंतच बिनचूक असते. हा खातेक्रमांक असता तर? रक्कम भलत्याच खात्याकडे निघाली असती. ट्विटरपुढें हीच अडचण २०१० सालीं उभी राहिली. तेव्हां संख्येसोबत तोच क्रमांक अवतरणांत, मजकूर म्हणूनहि, पाठविण्याची सोय त्यांना करावी लागली.

टेलिफोनच्या क्रमांकांची बेरीज कोणी करतें काय? मग ते मजकूर म्हणूनच लिहावेत. लायब्ररीस तसें आपणच सांगावें लागतें. मी तर नवी लायब्ररी हातीं आली कीं प्रथम हाच क्रमांक तिला वाचावयास देतों.