नळीचा बांक

न्हाणीघराच्या कोपऱ्यांतून तांब्याची नळी वळवावयाची, तर ती नुसती हातानें वांकवून भागत नाहीं; बांकाशीं ती चपटते. बाहेरचें अंग ताणलें जातें, आंतलें दाबलें जातें आणि पोकळीस आधार नसतो. म्हणून कारागीर तींत वाळू ठांसून दोन्ही तोंडांस लांकडी बुचें ठोकतो. वाळू मात्र भाजून अगदीं कोरडी केलेली हवी. किंचित् ओल राहिली तरी तापवितांना तिची वाफ होते व बूच गोळीसारखें सुटतें. समोर कोणाचें तोंड असेल, याचा काय नेम!

पत्र्यावर पोलादी सुईनें रेघ ओढतात. नळीच्या ताणल्या जाणाऱ्या अंगावर तोच ओरखडा पुढें चिरण्याचें भय. तेथें खडूच बरा. ४ इंच त्रिज्येच्या काटकोनी बांकास मध्यरेषेवर सुमारें सव्वासहा इंच नळी लागते. वांकवितांना ती ताठरूं लागली, कीं पुन्हा लाल तापवावी. मग पाण्यांत बुडविली तरी पोलादासारखें तांबें कडक होत नाहीं.