केंद्रस्तरीय क्रीडास्पर्धांचे वेळापत्रक आणि संगणक
(धडगाव येथे प्राथमिक शिक्षकांपुढे झालेले भाषण)



स्पर्धेच्या दिवशी मैदानावर जो गोंधळ दिसतो, तो बहुधा आदल्या आठवड्यात कागदावरच झालेला असतो. एखादी मुलगी धावण्याच्या शर्यतीसाठी रेषेवर उभी राहते आणि त्याच क्षणी पलीकडच्या मैदानावर तिच्या खो-खो संघाचा पुकारा होतो. ती एकीकडे गेली की दुसरीकडून बाद ठरते. वर्षभर केलेला सराव असा वाया जातो. दोष तिचा नसतो, वेळापत्रकाचा असतो.

धडगाव हे अक्राणी तालुक्याचे ठिकाण सातपुड्याच्या डोंगरात वसलेले आहे. तालुक्याच्या उत्तरेस नर्मदा आहे. पाडे विखुरलेले आहेत. कित्येक मुले डोंगर उतरून सडकेपर्यंत पायी येतात आणि तेथून पुढे जीपची वाट पाहतात. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दरीतील वाटांवर त्याआधीच अंधारू लागते. यास्तव सपाटीवरील शहरातले वेळापत्रक येथे जसेच्या तसे चालत नाही. वेळापत्रक आखणे म्हणजे दूरच्या पाड्यावरील मुलाला न्याय देणे होय, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

या कामी संगणकाचे साहाय्य होते. स्पर्धांसाठी तयार केलेली सॉफ्टवेअरे पुष्कळ आहेत. परंतु त्यांतील बहुतेकांना इंटरनेट लागते, आणि डोंगरात त्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून आरंभ साध्या तक्त्यापासून करावा. लिबरऑफिस कॅल्क हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते, इंटरनेटवाचून चालते आणि त्यात मराठी लिहिता येते. एवढे साधन एका केंद्राच्या स्पर्धेस पुरे आहे.

प्रारंभी तीन याद्या कराव्यात. पहिली विद्यार्थ्यांची, दुसरी क्रीडाप्रकारांची, तिसरी मैदाने व पंच यांची. पहिल्या यादीत विशेष दक्षता हवी. या भागात पावरा, पाडवी, वळवी, वसावे ही आडनावे शाळोशाळी आढळतात. नावेही पुन:पुन्हा येतात. त्यातच पुष्कळ मुलांची जन्मतारीख शाळेच्या दप्तरी १ जून अशी नोंदलेली असते. नाव आणि जन्मतारीख जुळली की संगणक दोन मुलांना एकच समजण्याचा संभव असतो, आणि त्यातील एक मूल यादीतून नाहीसे होते. म्हणून प्रत्येक मुलास स्वतंत्र क्रमांक द्यावा. तोच क्रमांक छातीवरील पट्टीवर लिहावा आणि सर्व याद्यांत तोच चालवावा. वयोगट मात्र शाळेच्या जनरल रजिस्टरवरूनच पडताळावा.

यानंतर सामन्यांची संख्या मोजावी. बाद पद्धतीत जितके संघ असतील त्याहून एक कमी सामना होतो. ८ शाळांचे ७ सामने. साखळी पद्धतीत प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो. म्हणून ८ शाळांचे २८ सामने होतात. कबड्डीच्या एका सामन्यास, संघ उभे करण्यापासून निकाल लिहीपर्यंत, ४० मिनिटे धरली तर बाद पद्धतीचे ७ सामने २८० मिनिटे, म्हणजे ४ तास ४० मिनिटे घेतात. मुलांचे व मुलींचे मिळून १४ सामने एकाच मैदानावर ठेवले तर ९ तास २० मिनिटे लागतील. हिवाळ्यातील दिवसात हे बसत नाही. दुसरे मैदान आखावे किंवा दुसरा दिवस घ्यावा. हे गणित आधी केले, तर सायंकाळी अंतिम सामना घाईने उरकावा लागत नाही.

शाळा ११ असल्यास ५ संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल द्यावी लागते. कारण ११ नंतरची दुपटीच्या क्रमातील संख्या १६ आहे. उरलेले ६ संघ पहिल्या फेरीत ३ सामने खेळतात आणि दुसऱ्या फेरीत ८ संघ येतात. पुढे चाल कोणास मिळावी हे सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकून ठरवावे. मात्र सामन्याची वेळ अंतर पाहून ठरवावी. तोरणमाळ किंवा बिलगावकडील संघाचा पहिला सामना सकाळी अगदी आरंभी ठेवू नये. त्यांचे शेवटचे खेळही जीप मिळेल अशा वेळी संपावेत. चिठ्ठी नशिबाची, वेळ मात्र विचाराची असावी.

आता मूळ अडचण. एकच मूल दोन खेळांत असेल तर ते दोन खेळ एका वेळी येता कामा नयेत. तक्त्यात उभ्या ओळीत मुलांचे क्रमांक आणि आडव्या ओळीत वेळा लिहाव्यात. ज्या चौकटीत एकाच मुलाची दोन नावनोंदणी येईल ती तांबडी दिसावी, अशी सूचना संगणकास देता येते. तांबडी चौकट दिसली की खेळाची वेळ बदलावी. शेकडो मुलांची ही पडताळणी हाताने करण्यास रात्र पुरत नाही. संगणक ती क्षणात करतो. परंतु मुलाचे नाव चुकीच्या प्रकारात घातले गेले असेल तर संगणकास ते कळत नाही. म्हणून छापील यादी प्रत्येक शाळेकडे पाठवून वर्गशिक्षकाची सही घ्यावी.

दिवाळीनंतर अनेक कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेत जातात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात. यास्तव यादी एकदा करून मिटवून ठेवू नये; स्पर्धेच्या दोन दिवस आधी हजेरीशी ताडून पाहावी. तयार वेळापत्रकाच्या चार प्रती छापाव्यात: एक फलकावर, एक पुकारा करणाऱ्याकडे, एक पंचांकडे, एक कार्यालयात. वीज गेली तरी कागद वाचता येतो.

नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत हिने २०१० साली दिल्ली येथील राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले. डोंगर चढून-उतरून घट्ट झालेले पाय अक्राणीच्या पाड्यांवरही आहेत. त्या पायांची परीक्षा केंद्राच्या मैदानावर प्रथम होते. तेथे मुलाचे नाव योग्य यादीत असावे, त्याला योग्य वेळी पुकारले जावे आणि उजेडात ते घरी पोहोचावे, एवढी व्यवस्था शिक्षकाच्या हाती आहे. पुढची धाव ते मूल स्वतः घेईल.